पास्कूभाऊंचा वण

पास्कूभाऊ माझ्याशी बोलायला लागले की त्यांची मराठी बदलायची. वाडीत, घरात, बैलाशी आणि बायकोशी ते त्यांच्या बोलीत बोलत. ती बोली मला पहिली दोन वर्षं निम्मीसुद्धा कळली नाही. पण मी पडले शाळेतली बाई. माझ्यापुढे उभे राहिले की ते सदऱ्याची बटणं लावत, घसा खाकरत आणि रविवारच्या मिस्सेला फादर प्रवचनात वापरतात ती मराठी बाहेर काढत. "बाई, पंप नादुरुस्त जाहला आहे, यास्तव आज पाणी विहिरीतून ओढून घ्यावे." आणि हे सांगून झालं की स्वतःच दोन हंडे भरून माझ्या ओट्यावर आणून ठेवत.

वसईजवळच्या होळी गावातल्या त्यांच्या वाडीत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आमचे हे मुंबईला नोकरीला, सकाळी लवकर जाऊन दिवेलागणीला परतणारे. त्यामुळे माझा खरा शेजार म्हणजे पास्कूभाऊ आणि त्यांची बायको रोजामावशी. त्यांचा एकुलता मुलगा आखातात होता. वाडीत केळी, थोडी पानवेल, मोगऱ्याचे वाफे, आणि या सगळ्यावर पास्कूभाऊंचा आवाज. उंच, काटकुळा माणूस, खाकी हाफपँट, कानावर विडी. एका टोकाला उभे राहून ते दुसऱ्या टोकाच्या गड्याला हाक मारत, तेव्हा घरी तपासायला आणलेल्या वह्यांवरचा माझा हात थबकायचा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "वेळेत कापलं की केळं, वेळ गेली की खत." हे ते केळीच्या घडाबद्दल म्हणत, तसंच ते लांबलेल्या भांडणाबद्दल, लग्नाला उशीर झालेल्या पोरीबद्दल आणि नापास झालेल्या विद्यार्थ्याबद्दलही म्हणत. माझ्या वर्गातला एक मुलगा दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा त्याच्या बापाला त्यांनी कुंपणावरूनच ऐकवलं होतं.

आजूबाजूच्या गावांत लग्न असलं की डुक्कर मारायला पास्कूभाऊंना बोलावणं यायचं. त्यांचा हात सफाईचा होता. जनावराला कळायच्या आत संपलेलं असायचं, असं लोक सांगत. मग ते पोटातला एकेक अवयव काढून परातीत मांडत. काळीज, यकृत, फुप्फुस, सगळं वेगवेगळं, स्वच्छ. तिथून परत आले की विहिरीवर भरपूर आंघोळ करत, कपडे बदलत, आणि तरीही माझ्या स्वयंपाकघरावरून न येता वाडीला वळसा घालून घरी जात. आम्ही खात नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी एकदा म्हटलं, "पास्कूभाऊ, एवढं कशाला? आम्हाला काही वाटत नाही."

"बाई, ज्याचे नाक त्याला प्यारे," ते म्हणाले आणि वळसा घालूनच गेले.

त्यांचा दुसरा गुणही सांगितला पाहिजे, कारण नाहीतर मी कुणा संताचं वर्णन करते आहे असं वाटेल. एका वर्षी सणाला वाडीतलं पहिलं पीक त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेऊन ठेवायचं होतं. पास्कूभाऊंनी एक घड महिनाभर पिशवीत बांधून जपला होता. फादरांनी तो वेदीच्या बाजूला ठेवला आणि शेजारच्या वाडीतल्या माणसाचा घड मधोमध. पास्कूभाऊ त्या शेजाऱ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. "माझी जागा होती ती," एवढंच म्हणत. त्या बिचाऱ्याने जागा मागितलीसुद्धा नव्हती. पण आपल्या वाट्याचं दुसऱ्याला गेलं, हे पास्कूभाऊंना सोसत नसे. मग ते चांगल्या माणसाला गेलं असो की वाईट.

वाडीत त्यांचा जुना गडी होता धर्मा. मिठागराकडच्या गावातून रोज चालत यायचा. बुटका, दणकट, कमी बोलणारा. दुपारी दोघं विहिरीच्या काठावर बसून विड्या ओढत. एकाच काडीवर दोन विड्या पेटवायच्या हा त्यांचा नेम. मग दोघंही खोकत. एकाने सुरू केलं की दुसरा त्याचं संपण्याची वाट पाही आणि मग आपलं सुरू करी.

मग एका वर्षी माघात केळीचे घड लादलेली सायकल घेऊन पास्कूभाऊ वसईच्या रस्त्यावर पडले. बरगडीला मार बसला म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. बरगडी शाबूत होती. पण उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक गोल डाग दिसला. त्या काळी छातीत डाग म्हणजे क्षय, दुसरं काही कुणाच्या मनात येत नसे. इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या सुरू झाल्या. पास्कूभाऊ दिवसाआड कंबरेवर हात ठेवून इंजेक्शन घेऊन येत आणि मला सांगत, "बाई, सुईने आमचे आसन व्यापले आहे." पावसाळा लागेपर्यंत हे चाललं. मग पुन्हा फोटो काढला. डाग गेला नव्हता. थोडा वाढला होता.

डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. आमच्या ह्यांनी रजा काढून त्यांना नेलं. घशातून नळी घालून आतला तुकडा काढला, तपासायला पाठवला. आठवड्याने पुन्हा गेले, तेव्हा सर्जनने दोघांनाही समोर बसवलं. त्या संध्याकाळी ह्यांनी सगळं मला सांगितलं, आणि नंतर पास्कूभाऊंनीही, त्यामुळे ती खोली मी पाहिल्यासारखी मला आठवते.

सर्जन म्हणाले होते, "हा क्षय नाही. कॅन्सर आहे. पण गाठ लहान आहे, फोटोवरून तरी आतल्या आतच दिसते आहे. म्हणजे लवकर सापडली. याला आज तीन वाटा आहेत. पहिली ऑपरेशनची. फुप्फुसाचा वरचा भाग गाठीसकट काढून टाकायचा. पूर्ण बरं व्हायचं तर याच वाटेनं. दुसरी शेकाची. ज्याला ऑपरेशन झेपत नाही त्याला यंत्राखाली झोपवून किरणांचा शेक देतात. गाठ आवळते, काही काळ दबून राहते, मुळासकट जाईलच असं नाही. तिसरी सलाईनमधून द्यायच्या औषधांची. या जातीच्या गाठीवर त्यांचा आज तरी फार भरवसा नाही."

पास्कूभाऊ लगेच म्हणाले, "तर मग कापावे. वेळेत कापलं की केळं."

सर्जन हसले नाहीत. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, काडी पेटवली आणि वीतभर अंतरावर धरली. "तोंड उघडं ठेवून फुंका. ओठ आवळायचे नाहीत."

पास्कूभाऊंनी फुंकलं. ज्योत जरा वाकली आणि पुन्हा उभी राहिली. तीनदा फुंकलं. काडी जळत सर्जनच्या बोटांपर्यंत आली.

मग त्यांना जिन्याशी नेलं. न थांबता दोन मजले चढा म्हणाले. पास्कूभाऊ पहिल्याच मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभे राहिले. सर्जन खालूनच म्हणाले, "तुमची गाठ कापण्याजोगी आहे. तुमचा दम कापण्याजोगा नाही. एवढ्या वर्षांच्या विड्यांनी उरलेलं फुप्फुस थकलंय. वरचा भाग काढला आणि खालचं चाललं नाही तर मी तुम्हाला टेबलावरून उठवू शकणार नाही. महिनाभर देतो. विडी बंद. फुगे फुगवा, चाला, चढा. हा जिना चढलात तर कापतो. नाहीतर शेक."

त्या महिन्यातले पास्कूभाऊ मी विसरू शकत नाही. कानावरची विडी गेली. रोजामावशींच्या चुलीजवळ बसून ते काड्या पेटवत आणि उघड्या तोंडाने विझवायला बघत. मावशी ओरडत, "सगळी पेटी संपवा तुम्ही! उद्या चूल कशानं पेटवू?" बाजारातून आणलेले फुगे ते ओट्यावर बसून फुगवत, डोळे लाल होत, आणि फुगलेला फुगा समोरच्या केळीला बांधून ठेवत. जास्वंदीच्या रंगाचे, हिरवे, पिवळे फुगे त्या वाडीत वाऱ्यावर हलत असत. शाळेतून येताना मला लांबूनच कळे, आज किती जमलं ते.

रविवारी मिस्सा झाली की धर्माला घेऊन ते विरारला जीवदानीच्या डोंगराच्या पायऱ्या चढायला जात. गावात कुणीतरी टोमणा मारला, "काय पास्कू, देवी पावली काय?" त्यावर त्यांनी उत्तर दिलं, "देवी त्यांची. पायऱ्या सगळ्यांच्या." धर्मा पुढे, ते मागे. पहिल्या रविवारी ते अर्ध्यावरून परत आले. मग थोडं वर. धर्मा मला सांगायचा, "बाई, भाऊ मधीच बसतात आनि मला म्हनतात, तू जा वर, देवीला सांग मी खाली हाय. मी न्हाय जात. मी पन बसतो." शेवटच्या रविवारी ते वरपर्यंत गेले. परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता, पण माझ्या दारात उभे राहून त्यांनी बटणं लावली आणि म्हणाले, "बाई, आरोहण संपूर्ण जाहले."

इस्पितळाचा जिना ते चढले. काडी दुसऱ्या फुंकरीला विझली. ऑपरेशनची तारीख दिवाळीच्या सुट्टीत मिळाली, त्यामुळे मी रोजामावशींबरोबर जाऊ शकले. पास्कूभाऊंना आत नेलं, तेव्हा ते स्ट्रेचरवरून मान उचलून मावशींना त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. काय म्हणाले विचारलं तर मावशी म्हणाल्या, "पंपाचा पट्टा बदलायला सांगितलाय धर्माला, तो बदलला का बघ म्हणतात."

आम्ही बाकावर बसलो. मावशींनी जपमाळ काढली. खूप वेळ लागेल असं आम्हाला सांगितलेलं होतं. पण सर्जन लवकर बाहेर आले. एवढ्या लवकर की मावशींना आनंदच झाला. त्या उठून उभ्या राहिल्या. "झालं?"

सर्जननी टोपी काढली. "आम्ही काही काढलं नाही," ते म्हणाले. "फोटोत दिसत नव्हतं ते आत होतं. गाठ मधल्या ग्रंथींपर्यंत गेली आहे, हृदयाच्या मोठ्या नसेला चिकटली आहे. सोडवायला गेलो असतो तर तिथेच गेले असते. उघडलं, पाहिलं आणि शिवलं."

आज आतलं सगळं कापण्याआधीच दाखवणारी यंत्रं आहेत. तेव्हा आत काय आहे हे कळायला माणूस उघडावाच लागत असे.

मावशींना कळलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना साध्या शब्दांत सांगितलं. त्यांनी विचारलं, "आधी आलो असतो तर? ती क्षयाची इंजेक्शनं घेत बसलो नसतो तर?"

"सांगता येत नाही," सर्जन म्हणाले. "कदाचित. कदाचित तेव्हाही गेलेलीच असेल." मग ते म्हणाले, "आता शेक देऊ. थोडे दिवस बरे जातील. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

मावशींनी जपमाळेचे मणी मुठीत गोळा केले. रडल्या नाहीत. "नाय सांगायचं," त्या म्हणाल्या. "तो माणूस त्या डोंगरावर चढला. नाय सांगायचं."

पास्कूभाऊंना सांगितलं गेलं की गाठ निघाली, आणि शेक जखम वाळावी म्हणून आहे. त्यांनी ते मानलं. न मानायला कारणच नव्हतं. स्तनाखालून निघून बगलेखालून पाठीच्या फऱ्यापर्यंत गेलेला, विळ्यासारखा वाकलेला वण त्यांच्या अंगावर होता. शेक संपला, कातडी काळी पडली, तोंडाची चव गेली. पण नाताळापर्यंत ते उभे राहिले. दुखणं खरंच थोडं दबलं होतं. अन्न जाऊ लागलं, वजन जरा वाढलं.

आणि मग पास्कूभाऊ बोलत सुटले. मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर ते सदरा वर करून वण दाखवत. वसईच्या बाजारात दाखवत. गोखिवऱ्याला नवे नवे कारखाने निघत होते, तिथे जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी उभे राहून विड्या ओढणाऱ्या कामगारांना दाखवत. "खोकला पंधरा दिवसांत गेला नाही तर फोटो काढावा. घाबरू नये. कॅन्सर म्हणजे मरण नव्हे. वेळेत कापलं की झालं. मी प्रत्यक्ष उभा आहे!" लोक वण बघायचे, बोट लावायचे. फादरांनीसुद्धा एकदा प्रवचनात त्यांचं नाव घेतलं, आणि त्या रविवारी पास्कूभाऊ परत येताना गुणगुणत होते.

त्यांनी सदरा वर केला की मावशी घरात निघून जात. एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या. बाहेर पास्कूभाऊ कुणा पाहुण्याला जिन्याची गोष्ट सांगत होते. मावशी म्हणाल्या, "बाई, यापेक्षा मेलेलं बरं, असं मला वाटतं कधी. मग वाटतं, कोण मेलेलं? ते का मी?" मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो न पिता बशीतच गार होऊ दिला.

उन्हं तापायला लागली तेव्हा धर्माच्या खोकल्यातून रक्त आलं. त्याने ते लपवलं होतं. पास्कूभाऊंनी विहिरीच्या काठावरच्या मातीत पाहिलं. त्यांनी त्याला हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. मी तिथेच होते, मावशीही होत्या.

"उद्या फोटो काढायचा," पास्कूभाऊ म्हणाले.

"मी न्हाय येनार, भाऊ. तो रोग असला आनि लोखंड लागलं की पेटतो. आमच्या गावात कापलेला कोन वाचला?"

पास्कूभाऊंनी सदरा डोक्यावरून काढूनच टाकला. धर्माचा हात ओढून वणावर ठेवला. "हे काय आहे? लोखंड नव्हे? पेटलो मी? बघ, बोल! पेटलो?"

धर्मा हात काढून घ्यायला बघत होता. त्याने मावशींकडे पाहिलं, कारण पास्कूभाऊंच्या बोलण्यातलं खरं-खोटं तो नेहमी मावशींच्या तोंडावरून ठरवायचा. मावशींचा चेहरा मी पाहत होते.

"जा धर्मा," त्या म्हणाल्या. "लवकर गेलेल्याचं बरं होतं. जा तू."

धर्मा गेला. फोटोत डाग होता, खालच्या बाजूला, लहान. तोच सर्जन, तीच काडी. धर्माने ती पहिल्या फुंकरीत विझवली आणि जिना चढून वरून विचारलं, अजून चढू का? पास्कूभाऊंनी हे मला इतक्या अभिमानाने सांगितलं, जणू दम त्यांचाच होता. ऑपरेशनच्या दिवशी धर्माची बायको गांगरेल म्हणून नातेवाईक म्हणून तेच बाकावर बसले.

संध्याकाळी परतले तेव्हा मी आणि मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होतो. पास्कूभाऊ समोर येऊन बसले. बटणं लावली नाहीत, घसा खाकरला नाही. मावशींनी विचारलं, "धर्मा कसा आहे?"

"निघाली," ते म्हणाले. "सगळी निघाली. डॉक्टरांनी ट्रेमध्ये आणून दाखवली. नातेवाइकाला दाखवतात." ते आपल्या बोलीत बोलत होते, तोवर मला ती कळू लागली होती. त्यांनी पंजा पसरला. "एवढा फुप्फुसाचा भाग. आणि त्याच्या पोटात सुपारीएवढी गाठ." थोडा वेळ ते पंजाकडे बघत राहिले. मग विचारलं, "माझं तुला दाखवलं होतं?"

मावशी सुपातून वर न बघता म्हणाल्या, "दाखवलं की."

"कसं होतं?"

मावशींनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "एवढंसं. काळं. दगडासारखं."

"नुसती गाठ?"

"नुसती गाठ. दुसरं काय असणार?"

पास्कूभाऊंनी आयुष्यभर लग्नाच्या परातींत फुप्फुसं मांडली होती. नुसती गाठ बाहेर येत नाही हे त्यांनी त्याच दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते मावशींच्या हलणाऱ्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिले. मग उठले.

"बरं," म्हणाले, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले, तेव्हा ते काठावर एकटेच बसले होते. हातात पेटलेली विडी होती. ते माझ्याशी पहिल्यांदाच त्यांच्या बोलीत बोलले. ती मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, पण बोलणं असं झालं:

"तू तिथे होतीस ना?"

"होते."

"काही काढलं नाही?"

"नाही. काढता येत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. पंप चालू होता, पाटातून पाणी केळींकडे जात होतं.

"रोजाला सांगू नको, मला कळलं म्हणून," ते म्हणाले. "तिला वाटू दे, ती मला सांभाळतेय. तेवढंच हातात आहे तिच्या."

त्यानंतर त्या घरात दोघंही एकमेकांसाठी खोटं बोलत राहिली. मावशी म्हणत, "आता थोडा अशक्तपणा आहे, जाईल." ते म्हणत, "जाईल." वण त्यांनी पुन्हा कुणाला दाखवला नाही. उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं. कुणी गोखिवऱ्याचा कामगार विचारायला आला, माझ्या भावाचा फोटो काढलाय, पुढे काय करू, तर ते मावशींना म्हणत, "सांग, घरी नाही."

पाऊस सुरू झाला तसा त्यांचा आवाज बसला. वाडीच्या टोकाला पोचणारी ती हाक आधी ओट्यापर्यंत, मग खाटेपर्यंत आली. हात सुजला, मान सुजली. इस्पितळात पुन्हा शेकाचं विचारलं. म्हणाले, जेवढा द्यायचा तेवढा देऊन झाला.

आणि धर्मा बरा होत होता. दोन महिन्यांनी तो भेटायला आला. सोबत मिठागराकडची सुकी मासळी आणली होती. अंगावर थोडं मांस चढलं होतं. दारातूनच म्हणाला, "भाऊ, डाक्टर बोलला, सगला साफ हाय. तुमच्यामुलं."

पास्कूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते भिंतीकडे वळले. त्या वळण्याला त्यांना किती वेळ लागला! कोपर टेकवून, धापा टाकत, एकेक अंग उचलून ते वळले आणि तसेच राहिले. धर्मा उभा राहिला, मासळीची पिशवी मावशींच्या हातात दिली आणि गेला. तो पुन्हा आला, पुन्हा आला. दर वेळी भिंत. मावशी विनवत, "अहो, बोला त्याच्याशी, तुमचा धर्मा आहे तो." एकदा मी काढा घेऊन गेले होते, तेव्हा भिंतीकडून बसका आवाज आला: "माझं होतं ते. डोंगर मी चढलो. तो नुसता सोबत होता."

मरणाच्या वाटेवरच्या माणसाला लावतात ते शेवटचं पवित्र तेल लावायला फादर आले. त्यांनी प्रेमाने सांगितलं, मनात कुणाबद्दल काही असेल तर क्षमा करून टाक, हलकं वाटेल. पास्कूभाऊंनी डोळे उघडले. "कुणाला करू?" ते म्हणाले. "कुणी काही केलंच नाही, फादर. गुन्हेगार असता तर केली असती." फादर थोडा वेळ त्यांचा हात धरून बसले. जाताना अंगणात त्यांनी चष्मा पुसला.

गणपती होऊन गेले आणि एका सकाळी पास्कूभाऊंचा श्वास अडकू लागला. ऑक्सिजन हवा, डॉक्टर म्हणाले. टॅक्सी मागवली, पण वाडीची वाट चिखलाने भरलेली. गाडी रस्त्यावरच थांबली. खाट उचलायला माणसं गोळा करावीत तर घाई. धर्मा कुठूनसं कळून आला होता. तो कुणाला काही न विचारता आत गेला, वाकला, आणि पास्कूभाऊंना पाठीवर घेतलं. पास्कूभाऊंना प्रतिकार करायला अंगात काही उरलं नव्हतं. वजनही उरलं नव्हतं.

धर्मा पुढे, त्याच्यामागे कपड्यांची पिशवी घेऊन मी, शेवटी मावशी. केळींच्या मधून चिखलाची वाट. धर्माचाही दम आता पूर्वीचा नव्हता. अर्ध्या वाटेवर तो थांबला, पाय रोवून उभा राहिला आणि तोंडाने श्वास घेऊ लागला. पास्कूभाऊंचं डोकं त्याच्या पाठीवर कलंडलं होतं. माझ्या लक्षात आलं की त्यांनी आपला कान धर्माच्या पाठीला लावला आहे, जिथे त्याला कापलं होतं त्याच बाजूला, आणि डोळे मिटून ते आतला श्वास ऐकताहेत. येणारा, जाणारा, येणारा.

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता काही बरं बोलतील. मावशींनाही तसंच वाटलं असावं; त्या पुढे सरकल्या.

"हे माझं व्हायला हवं होतं," पास्कूभाऊ म्हणाले.

"व्हय, भाऊ," धर्मा म्हणाला. त्याने त्यांना पाठीवर जरा वर सरकवलं आणि चालायला लागला. रस्त्यावर पोचल्यावर त्याने त्यांना टॅक्सीच्या मागच्या सीटवर टेकवलं, त्यांचे चिखल न लागलेले पाय आपल्या हातांनी उचलून आत घेतले. मावशी शेजारी बसल्या. दार लागलं. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसला. तो धर्माकडे नव्हता, मावशींकडेही नव्हता, समोरच्या सीटच्या फाटक्या रेग्झिनकडे होता, आणि तोंड उघडं होतं, ओठ न आवळता, हवा ओढणारं.